शुक्रवारची बैठक आणि बाईंची लेक

सातवीच्या वर्गातले बाक जमिनीला ठोकलेले आहेत, आणि माझ्या चित्रकलेच्या खोलीत सुटी स्टुलं आहेत. एवढ्या एका कारणावरून गणिताच्या बाईंनी दर शुक्रवारी शेवटच्या तासाला माझ्या खोलीचा ताबा घेतला. "फक्त एक तास हो," म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि पस्तावले. अख्खा वर्ग गोल करायला स्टुलं ओढतो तेव्हा माझ्या रंगाच्या डबड्यांचं काय होतं ते माझं मला ठाऊक. म्हणून मीही कोपऱ्यातल्या नळाशी ब्रश धूत थांबायला लागले. त्या बैठकीत जे झालं ते मी तिथून पाहिलं.

बाई म्हणजे कडक काम. वर्गात शिरल्या की वह्या आपसूक उघडतात. नवरा परगावी नोकरीला, घरी त्या आणि त्यांची एकुलती लेक. बैठकीचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते काही वर्षांपूर्वी, एका मुलाच्या वडिलांमुळे. ते मुलाचा दाखला काढायला आले होते. जाताना म्हणाले, "तुमचा वर्ग फार चांगला आहे बाई, फक्त आमच्या पोराला नको." ते पोर वर्षभर जिन्याखाली मार खात होतं आणि बाईंना पत्ता नव्हता. कुणाच्या वहीत कुठे हातचा राहिला ते लांबून ओळखणाऱ्या बाईंना हे दिसलं नव्हतं. ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं.

मग हे सुरू झालं. सगळ्यांनी गोल बसायचं. फळा पुसायचं डस्टर हातोहात फिरवायचं. ज्याच्या हातात डस्टर त्याने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. आठवड्यात कुणी काय चांगलं केलं, काय लागलं, ते सांगायचं. सांगायचं नसेल तर "काही नाही" म्हणून पुढे द्यायचं. बाई सगळ्यांत शेवटी बोलणार.

मी आधी टिंगल केली. पोरं काय डस्टर धरून खरं बोलतात होय? पण यंदाच्या वर्गातला एक जाडा मुलगा एका शुक्रवारी डस्टर कुरवाळत म्हणाला की खेळात त्याला कुणीच आपल्याकडे घेत नाही. पुढच्याच सोमवारी लंबूने, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाने, त्याला पहिला निवडला. माझं तोंड बंद झालं. असं सहसा होत नाही.

यंदा दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली, बाईंची लेक त्यांच्याच वर्गात आली. बाई आपल्या पोरीची बाजू घेतात असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गासमोर सांगून टाकलं, "हिला डस्टर द्यायचं नाही. हिचं काय असेल ते मी घरी बघेन." लेक शाळेत त्यांना 'बाई' म्हणायची आणि गोलात मुकाट बसायची. सगळ्या स्टाफरूमने या करारीपणाचं कौतुक केलं.

दुसरी, एक नवी मुलगी आली. तिचे वडील कचऱ्याची गाडी चालवायचे. अंगाने बारीक, केस चापूनचोपून बांधलेले, कपडे इस्त्रीचे. बैठकीत ती दर वेळी "काही नाही" म्हणायची. पण तिच्या हातात डस्टर आलं की वर्ग असा चिडीचूप व्हायचा की बाई हरखून जायच्या.

"बघितलंत?" मला म्हणाल्या. "बाकीच्यांच्या वेळी चुळबुळ असते. तिच्या वेळी श्वासही ऐकू येत नाही. नव्या मुलीला मान देणं म्हणजे असं." वर्गालाही त्यांनी शाबासकी दिली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

आणि एका बुधवारी तिचे गाडीवाले वडील दाखल्याचा अर्ज घेऊन आले.

मी तेव्हा स्टाफरूममध्ये होते. ते अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आले होते आणि तरीही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला तयार नव्हते. बाई उठून दाराशी गेल्या.

"कुणी काही बोललं का तिला?"

"काही सांगत नाही हो बाई. दिवसातून चार-चारदा अंघोळ करते. हातपाय घासून घासून सोलून घेतलेत. मला म्हणते, गाडी शाळेपाशी आणू नका, कोपऱ्यावरच सोडा." त्यांनी अर्ज पुढे केला. "शिकेल दुसरीकडे."

बाईंचा चेहरा उतरला. अर्ज हातात न घेता त्या म्हणाल्या, "शुक्रवारची बैठक होऊ द्या. मग तुम्ही म्हणाल तसं."

"शुक्रवारी शाळा सुटताना येतो," ते म्हणाले. अर्ज त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

गुरुवारी बाईंनी डबा उघडलाच नाही. मुलांना एकेकटं बाजूला घेऊन विचारलं, प्रत्येकाने देवाशपथ सांगितलं की तिला कुणी काही बोलत नाही. "घरीसुद्धा विचारलं," मला म्हणाल्या. "आमची म्हणते, आई, तिला कुणी बोटसुद्धा लावत नाही." हे सांगताना त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

शुक्रवारी मी नळ सोडलाच नाही. पाण्याच्या आवाजात एखादा शब्द निसटेल म्हणून कोरडे ब्रश घेऊन उभी राहिले. बाईंनी गोलावरून नजर फिरवली.

"आपल्यातलं एक जण शाळा सोडून चाललंय," त्या म्हणाल्या. "का, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. डस्टर फिरू दे."

डस्टर फिरलं. काही नाही. काही नाही. काही नाही, बाई. जाड्याने ते जरा जास्त वेळ हातात धरलं, तोंड उघडलं, समोर कुणाकडे तरी पाहिलं आणि पुढे दिलं. मग ते गाडीवाल्याच्या मुलीकडे आलं. वर्ग नेहमीसारखा चिडीचूप झाला. तिने खाली मान घालून "काही नाही" म्हटलं आणि डस्टर शेजारच्या स्टुलावर ठेवलं, कारण शेजारणीने हात पुढे केलाच नव्हता.

आणि तेव्हा मला ऐकू आलं. एरवी नळ चालू असायचा म्हणून कधी आलं नव्हतं. अख्ख्या वर्गाने एकदम श्वास सोडला.

बाईंनीही ऐकलं. त्यांच्या तोंडावरचा रंग जाताना मी पाहिला. नाकातोंडात घाण जाऊ नये म्हणून माणूस दम धरतो, तसा दम धरून बसली होती ती सगळी पोरं. आणि त्याला बाई इतके महिने मान म्हणत होत्या. मला त्या पोरांचा असा संताप आला की हातातला ब्रश मोडला.

बाईंनी बैठक थांबवली नाही. डस्टर पुढे सरकत होतं. ते लंबूकडे आलं. लंबूच्या शेजारी बाईंची लेक. त्याने "काही नाही" म्हटलं, लांब हात केला आणि सवयीने डस्टर तिच्या मांडीवरून पलीकडच्या मुलाकडे नेलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "तिला दे."

लंबू गोंधळला. "पण बाई, तिला बैठक नसते ना."

बाईंनी स्टुलाची कड घट्ट धरली.

"दे तिला."

लेकीने डस्टर घेतलं. तिचे कान लाल झाले होते. "मी घरी सांगते," ती पुटपुटली.

"इथे सांग."

"आई, प्लीज."

वर्षभरात पहिल्यांदा तिने शाळेत आई म्हटलं होतं. माझ्याच डोळ्यात पाणी आलं. बाईंनी काय करावं हे मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ द्या, घरी न्या तिला. बाई बसल्या जागी बसून राहिल्या.

"मी काढला तो खेळ," लेक शेवटी म्हणाली. "ती जवळ आली किंवा बैठकीत तिची पाळी आली की श्वास धरायचा. ज्याने आधी सोडला तो हरला. कुणी काही बोलायचं नाही, म्हणजे बैठकीत सांगण्यासारखं काही उरणार नाही. मला कुणी विचारणार नव्हतंच." आणि ती हमसाहमशी रडायला लागली.

बाईंनी डस्टर मागून घेतलं. शेवटी बोलायचा स्वतःचा नियम त्यांनी मोडला.

"हिला मी गोलाबाहेर ठेवलं," त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत राहिला नव्हता. "मला वाटलं, मी फार न्यायाने वागते. आणि तुम्ही दम धरून बसायचात तेव्हा शाबासकी दिली, तीही मीच." मग त्या उठल्या, गाडीवाल्याच्या मुलीसमोर गेल्या आणि गुडघ्यावर बसून डस्टर तिच्यापुढे धरलं. "तुला बोलायचं असेल तर बोल. नसेल तर नको."

तिने ते घेतलं. वर्ग पुन्हा शांत झाला, या वेळी लाजेने.

"गप्प बसू नका," ती म्हणाली. "मी बोलते तेव्हा गप्प बसू नका. बोला काहीतरी. काहीही."

मग जाड्याने स्टूल करकरवलं. लंबू खोकला. हळूहळू बडबड सुरू झाली, उगाचच्या उगाच, आणि त्या गोंगाटात ती बोलत राहिली. काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही. बाईंना आलं, कारण त्या तिच्या अगदी पायाशी बसल्या होत्या.

शाळा सुटली तेव्हा गाडीवाले दाराबाहेर उभे होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, आपल्या लेकीचं नाव घेऊन सांगितलं, आणि लेकीला शेजारी उभं करून सांगितलं. त्यांनी खिशातला अर्ज चाचपला. मग आपल्या मुलीला म्हणाले, "काय करायचं?"

ती बाईंच्या लेकीकडे बघत राहिली. "सोमवारी सांगते," म्हणाली.

अर्ज त्यांनी फाडला नाही. खिशातच राहू दिला.

सोमवारी बाई नेहमीपेक्षा लवकर येऊन फाटकाशी उभ्या राहिल्या, लेकीला घेऊन. मीही रेंगाळले. पहिली घंटा झाली. पोरं आत गेली. बाई सारखं कोपऱ्याकडे बघत होत्या, रोज तिथूनच ती चालत यायची. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. मी म्हटलं, "चला आता आत." त्या जागच्या हलल्या नाहीत.

मग वळणावरून कचऱ्याची गाडी आली. ती कोपऱ्यावर थांबली नाही. धडधडत थेट फाटकाशी येऊन उभी राहिली आणि वडिलांच्या शेजारच्या सीटवरून दप्तर घेऊन ती खाली उतरली. गाडीचा वास येत होता, कचऱ्याच्या गाडीचा येणारच. बाईंची लेक दोन पावलं पुढे गेली, तिच्या अगदी समोर उभी राहिली आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

लेकीचा श्वास मला लांबून ऐकू येत होता.