खातूनबीच्या दुरडीतला ताईत

बांगडीवाल्या खातूनबीच्या दुरडीत ताईत आहे, आणि ती ज्या अंमलदाराच्या घरी जाते तिथला नकार संध्याकाळपर्यंत होकार होतो, असं आमच्या गल्लीत सगळेच छातीठोकपणे सांगत. आमच्या मंडळींनी एकदा बांगड्या भरून घेता घेता ती दुरडी तळापर्यंत चाचपली. आत काचेच्या बांगड्या, पानाची चंची आणि एक मळका रुमाल. ताईत कसला, सुपारीसुद्धा धड नव्हती!

खरी गोष्ट साधी होती. बांगड्या भरताना बाईचा हात अडकलेला असतो. अंगठ्याचं हाड दाबून, पंजा निमुळता करून एकेक काच वर चढवायची. तोवर ती मामलेदारीण असो की हेडक्लार्कीण, उठून जाऊ शकत नाही. तेवढ्यात खातूनबी गल्लीचं गाऱ्हाणं तिच्या कानावर घालायची. विणकरांच्या बोळातला नळ भर उन्हाळ्यात बंद ठेवला होता, तो असाच सुटला. आम्ही मिशीवाले कचेरीच्या पायऱ्यांवर ताटकळायचो आणि ही ओसरीवर बसून काम करून यायची.

“खाला, पुढच्या वेळी तुम्हीच म्युन्शिपालटीला उभ्या राहा,” मी चिडवायचो.

“मग ही दुरडी डोक्यावर घिऊन तू फिर की रे, सिद्धनाथ!”

चौतीस सालच्या चैत्रात आमच्या मागच्या खोलीतला गिरणीकामगार बिरदेव तापानं दवाखान्यात गेला आणि पहाटे तिथंच वारला. त्याची बायको मुक्ताबाई, वळसंगची पोर, मयत न्यायला गेली, तर तिथला कारकून म्हणाला, “पुरुष वारस आण. बाईच्या ताब्यात मयत देत नसतो.” दीर करमाळ्याला. तार केली, तरी तो दुसऱ्या दिवशीच पोचणार. आम्ही गल्लीतले बाप्ये गेलो. “शेजारी ना? मग बाजूला व्हा.” बाहेर ऊन तापत होतं. मुक्ता व्हरांड्यात पदराखाली हात झाकून बसून होती. कुणीतरी बांगड्यांकडे पाहून कुजबुजलं, तशी ती म्हणाली, “ते घरी येईस्तोवर हाताला हात लावू देणार न्हाय.”

नेमकं त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या बंगल्यावर त्यांच्या लेकीचं ओटीभरण होतं आणि हिरव्या बांगड्या भरायला खातूनबीला बोलावणं होतं. अशा घरी मरणाचं नाव काढत नाहीत. हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. बंगल्यावर भांडी घासणारी बजाबाई आमच्याच गल्लीतली. पुढचं सगळं तिनं पाहिलेलं.

खातूनबीनं मुकाट्यानं पोरीचे हात भरले. पोर आत गेल्यावर आईचा हात धरला. तिसरी बांगडी पेरांवर आली आणि ती थांबली.

“बाईसाब, तिकडं दवाखान्याच्या व्हरांड्यात मीच भरलेले दोन हात बसलेत. नवरा मेलाय. तुमच्या मालकांचा कारकून म्हनतो, बाईला मयत मिळत न्हाय. बायको त्याची कुनीच न्हाय व्हय?”

आतून डॉक्टरांच्या आईचा आवाज आला, “शुभ दिवशी काय हे अभद्र! घालवा तिला!”

बाईसाहेब पेरांवर अडकलेल्या बांगडीसकट उठल्या आणि डॉक्टर जेवत होते तिथं गेल्या. डॉक्टर अर्ध्या ताटावरून उठून स्वतः दवाखान्यात गेले.

दिवेलागणीच्या आधी बिरदेव घरी आला. बायका बांगड्या फोडायला दगड घेऊन पुढे झाल्या. खातूनबीनं त्यांना मागे सारलं. जशा भरल्या होत्या तशाच, मुक्ताचा अंगठा दाबून, तिनं त्या एकेक उतरवल्या. एकही फुटू दिली नाही. आम्ही दारात माना खाली घालून उभे होतो.

बंगल्याचं दार तिला कायमचं बंद झालं. बोभाटा झाला, तशी बाकीच्या अंमलदारांची घरंही तुटली. पुढं एकदा ती दारात पान लावत बसलेली दिसली, आणि माझी जीभ कुठली गप्प बसायला!

“खाला, ताईत उतरला वाटतं. सगळे बंगले गेले की!”

तिनं पानाला चुना लावला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “जाऊ दे की. तिथले हात भरायला दुसरी कुनीबी येईल. मुक्ताचे हात मी भरलेले. ते रिकामे करायच्या आधी तिचा नवरा घरी कुनी आनायचा रे, तुझ्या मिशीनं?”