सतरा डब्यांची मालगाडी

मालधक्क्यावर तिला सगळे क्रेनबाई म्हणायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते नाव तिला सोडायला तयार नव्हतं. भाजीवालासुद्धा त्याच नावाने हाक मारायचा आणि तिलाही ते आवडायचं. उंच केबिनमध्ये बसून सत्तावीस वर्षं तिने कंटेनर उचलले आणि मालगाडीच्या डब्यांवर नेऊन ठेवले. पहिल्याच दिवशी खाली उभा असलेला मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, "बाई वर चढलीये, आपापली डोकी सांभाळा रे!" दुपारी त्याचा चहाचा पेला एका लोखंडी पेटीवर ठेवलेला दिसला, तेव्हा तिने ती पेटी पेल्यासकट उचलली आणि धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. चहाचा थेंब सांडला नव्हता. मुकादमाला मात्र तो प्यायला भर उन्हात दहा मिनिटं चालावं लागलं.

ठोकळ्यांचं वेड तिला चाळिशीत लागलं. मुलीच्या वाढदिवसाला तिने ठोकळ्यांची आगगाडी आणली. मुलीने दोन दिवसांत त्या गाडीकडे पाठ फिरवली आणि आई रुळांपाशी बसली ती बसलीच. पुढे मुलगी लग्न होऊन गेली आणि मागच्या खोलीत ठोकळ्यांचे डबे छताला टेकले. रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे, चाकं वेगळी, चुंबकं वेगळी. तयार संच ती फारसे आणायची नाही. सुटे ठोकळे घ्यायची आणि डोळ्यांनी पाहिलेलं बांधायची. या वयात खेळणी कसली, असं नातेवाइकांनी विचारून झालं. माणसं नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, तीस वर्षांपूर्वीची भांडणं जपून ठेवतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. हिने ठोकळे जमवले तर सगळ्यांच्या पोटात दुखायचं.

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागच्या खोलीत हिचा मालधक्का. माणूस मऊ स्वभावाचा, कमी बोलणारा, आणि हात असा की त्याने रफू केलेली जागा ज्याची पँट त्यालाही सापडायची नाही. ठोकळ्यांत त्याला कधी रस नव्हता. जेवायला बोलवायला तो मागच्या दारात यायचा, तेवढाच त्याचा त्या खोलीशी संबंध. निदान तिची तशी समजूत होती.

तिची बांधायची एक रीत होती. ठोकळ्याच्या डोक्यावर जी गोल बटणं असतात, त्या प्रत्येकावर कंपनीचं नाव बारीक उठवलेलं असतं. उजेड तिरका पडल्याशिवाय ते दिसत नाही. ती अक्षरं सगळीकडे एकाच दिशेला, क्रेनच्या केबिनकडे तोंड करून असली पाहिजेत, असा तिचा दंडक होता. खऱ्या धक्क्यावर कंटेनरचा नंबर केबिनमधून वाचता आलाच पाहिजे, नाहीतर माल भलत्याच गावाला जातो. म्हणून झाकल्या जाणाऱ्या, कुणाच्या बापाला दिसणार नाहीत अशा बटणांची अक्षरंही ती वळवून बसवायची. ठोकळे जोडणाऱ्या हौशी मंडळींचा गावात एक क्लब होता, तिथले लोक हसायचे. हसेनात का.

दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुटला. आधी कपबशी वाजायला लागली, मग सही बदलली, मग ठोकळा ठोकळ्यावर बसण्याआधी तीन-तीनदा घसरायला लागला. डॉक्टरांनी दुखण्याला लांबलचक नाव दिलं. ती त्याला भाडेकरू म्हणायची, न विचारता राहायला आलेला. आणि त्याला दाखवून द्यायचं म्हणूनच तिने ठरवलं की क्लबाच्या यंदाच्या प्रदर्शनात आपला अख्खा मालधक्का मांडायचा. क्रेन, गोदाम, दोन इंजिनं आणि बत्तीस डबे. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिने भरलेली गाडी बत्तीस डब्यांची होती. बत्तीस पुरे झाले तर हात अजून माझा आहे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

सुरुवातीला एकेका डब्याला चार-चार दिवस लागले. कंटेनर वाकडे व्हायचे, फटी राहायच्या. मग हळूहळू काम सुधारलं. मंगळवारी आणि शुक्रवारी ती हाताच्या व्यायामाला दवाखान्यात जायची आणि परत येऊन बघावं तर काल वाकडा वाटलेला कंटेनर चांगला सरळ दिसायचा. "काल उगाच वैतागले, बराच जमलाय की," ती नवऱ्याला म्हणायची. तो म्हणायचा, "जमणारच." चार महिने ती डॉक्टरांना सांगत राहिली की हात सुधारतोय. डॉक्टर खूश होऊन म्हणायचे, मग औषध आहे तेवढंच राहू दे. शिंपी शेजारच्या खुर्चीवर बसून आपल्या चपलेचा अंगठा न्याहाळायचा.

प्रदर्शनाला दहा दिवस उरले तेव्हा क्रेन तयार झाली. खिडकीतून सकाळचं तिरकं ऊन टेबलावर आलेलं होतं. कंटेनर फक्त चार बटणांवर टेकलेले असायचे, म्हणजे क्रेनच्या चुंबकाला ते अलगद उचलता यावेत. तिने सातवा कंटेनर उचलून पाहिला. मस्त उचलला गेला. खाली डब्याचा सपाट तळ उघडा पडला आणि त्यावरची अक्षरं दिसली. एक रांग केबिनकडे, दुसरी पाठमोरी, तिसऱ्या रांगेतली तर दोन बटणं आडवी.

तिने कंटेनर बाजूला ठेवला. मग तिने आठवा उचलला, नववा उचलला. पुढे हातानेच कंटेनर काढत गेली. बत्तिसांपैकी एकवीस डब्यांना दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलेला होता.

सातवा डबा घेऊन ती पुढच्या खोलीत आली आणि तिने तो शिवणयंत्रावर ठेवला. शिंप्याने चाक हाताने थांबवलं.

"हे तुम्ही केलंत?"

नाही म्हणायच्या ऐवजी त्याने विचारलं, "तुला कसं कळलं?" आणि त्यातच सगळं आलं.

"मी दवाखान्यात गेले की तुम्ही आत जायचात."

"अगं, फटी राहत होत्या. मी फक्त सरळ करायचो. दोन-चार ठोकळे काढायचो, परत बसवायचो. तू आल्यावर खूश व्हायचीस. तुझं ते खूश होणं बघून मला बरं वाटायचं."

"तुम्हाला बरं वाटायचं! आणि मी चार महिने डॉक्टरांसमोर खोटं बोलत होते, त्याचं काय? माझा हात सुधारतोय म्हणून सांगत होते. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात!"

त्याने गळ्यातली टेप काढून यंत्रावर ठेवली.

"मखमलीचा कोट शिवताना एक तुकडा उलट्या लवेचा लावाल का तुम्ही? गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हणून?"

हे मात्र त्याला लागलं. चाळीस वर्षांत त्याने असा तुकडा लावला नव्हता, आणि कुणी लावलेला दिसला तर तो त्या शिंप्याचं नाव घेऊन थुंकायचा.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पण आता दहा दिवस उरलेत. राहू दे ना तसेच. लोकांना काय कळतंय?"

"लोकांना कळू नये म्हणून तर तुम्ही केलंत. मला कळायला हवं, माझा हात कुठवर पोचतो ते."

त्या दिवशी तिने एकवीसच्या एकवीस डबे मोडले. नुसते मी बसवलेले ठोकळे तेवढे फिरवून घे, असं तो दारातून सांगत होता, पण ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. ठोकळे निखळवायला तिला काही त्रास होत नव्हता. मोडायला थरथरता हातही चालतो. मोडून झाल्यावर तिला रडू आलं, रागाचं आणि भीतीचंही. अकरा डबे उरले होते, जुने, वाकडे, पण तिचे.

दुसऱ्या दिवसापासून ती बांधायला बसली. पहिल्या दिवशी एकही डबा झाला नाही. ठोकळा जागेवर नेला की हात डावीकडे जायचा, ती उजवीकडे ओढायची, आणि ओढाओढीत ठोकळा टेबलाखाली. तिसऱ्या दिवशी तिला क्रेन आठवली. वाऱ्याने हूक हेलकावे खायला लागला की नवशिका त्याच्याशी भांडतो, उलटं ओढतो, आणि माल आणखी झुलतो. जाणती माणसं भांडत नाहीत. झोका टोकाला जातो तिथे क्षणभर थांबतो, तेवढ्यात माल टेकवायचा. तिने कोपर टेबलावर रोवलं आणि हात थरथरतोय तसा थरथरू दिला. थांबण्याचा तो क्षण आला की दाबायचं, नाहीतर पुढच्याची वाट बघायची. काम गोगलगाईसारखं चाललं, पण चाललं. नऊ दिवसांत सहा डबे झाले. त्यांतले दोन उघड उघड तिरके होते आणि एकाच्या फटीतून नख आत जात होतं. अक्षरं मात्र सगळी केबिनकडे.

नवरा तेवढे दिवस मागच्या दारात येऊन चहा ठेवायचा आणि परत जायचा. एकदा मात्र तिच्या हातून एकच चाक आठ वेळा घरंगळलं, तेव्हा तो दोन पावलं आत आला. तिने मानही वर न करता म्हटलं, "बाहेर." तो गेला. दुकानात जाऊन त्याने एका पँटचं कापड दोनदा चुकीच्या मापाने कापलं.

प्रदर्शन ग्रंथालयाच्या दालनात होतं. क्लबाचा सचिव धंद्याने दातांचा डॉक्टर, आणि त्याचा स्वतःचा राजवाडा मधल्या टेबलावर दिमाखात उभा. त्याने हिची गाडी पाहिली, डबे मोजले आणि चेहरा हळवा केला.

"बाई, तुम्ही या हालतीत एवढं केलंत, हेच खूप आहे. मी एक कार्ड छापून आणलंय." कार्डावर लिहिलं होतं, दुर्धर आजाराशी झुंज देत साकारलेली कलाकृती.

"हे कशाला?"

"म्हणजे लोक समजून घेतील. नाहीतर फटी बघतील आणि नावं ठेवतील."

"ठेवू देत. फटी माझ्या आहेत." तिने कार्ड त्याच्या हातात परत दिलं. "तुमच्या राजवाड्यासमोर लावलंय का कार्ड, मूळव्याध सोसून बांधला म्हणून?"

सचिव बैठकांना मधे भोक असलेली गादी घेऊन यायचा हे सगळ्या क्लबाला ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावरचे दोघे एकदम आपल्या पुलाचे खांब तपासायला लागले. सचिव लाल झाला आणि म्हणाला की मग मधली जागा देता येणार नाही, दाराजवळ मांडा. तिने दाराजवळ मांडलं. एका कोऱ्या कागदावर स्वतः लिहिलं, अक्षरं वेडीवाकडी: मालधक्का. सतरा डबे. पंधरा अजून बांधायचे आहेत.

दाराजवळची जागा वाईट नव्हती. येणारा प्रत्येक माणूस आधी तिथेच थबकायचा. क्रेन चालायची, इंजिनं गाडी ओढायची, मुलं बोटं दाखवायची. कुणी म्हणालं, डबे वाकडे आहेत. ती म्हणाली, "आहेत." शिंपी तिच्या मागे उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःच्या लग्नात उभा असल्यासारखा अवघडलेला.

दुपारी गर्दी भरात असताना, वळणावर नववा डबा रुळांवरून घसरला आणि आडवा झाला. कंटेनर सुटून टेबलावर पडला. मागचे आठ डबे उभे राहिले, इंजिनं आठ डबे घेऊन पुढे निघून गेली. तिने बटण दाबून ती थांबवली आणि हात पुढे केला. इतकी माणसं बघत असल्यामुळे हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता. डबा उचलला, रुळावर टेकवला, चाकं बसली नाहीत, तो पुन्हा आडवा झाला.

समोरचा एक उंच गृहस्थ पुढे वाकला. "द्या आजी, मी लावतो, एका सेकंदाचं काम आहे."

त्याचा हात डब्यापर्यंत पोचायच्या आत शिंप्याने त्याचं मनगट धरलं. चाळीस वर्षांत त्याने कुणावर आवाज चढवला नव्हता. आत्ताही फारसा चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"हात काढा. तिचं काम आहे, ती करेल."

"अहो, मी मदतच..."

"ती मदत मी करून बसलोय. हात काढा."

गृहस्थाने हात मागे घेतला. शिंप्याने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट अडकवले. डबा पुन्हा पडला. तो बघत राहिला. पुन्हा पडला. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती, पण हात पाठीमागून हलले नाहीत. तिने कोपर रोवलं, वाट बघितली, सोडलं, परत वाट बघितली. एक चाक बसलं. मग दुसरं. मग इंजिनं मागे घेऊन पुढचे-मागचे डबे जोडले, चुंबकाला चुंबक. कंटेनर उचलताना तो तिच्या बोटांतून दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. तिरका बसला, पण बसला.

तिने बटण दाबलं. गाडी निघाली, वळणावरून हलत डुलत, सतराच्या सतरा डबे घेऊन. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. तिने तिकडे बघितलंही नाही.

"किती वेळ लागला?" तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने डोळे पुसून घड्याळात बघितलं. "सहा मिनिटं."

"डॉक्टरांना तेवढीच सांगा," ती म्हणाली. "एक सेकंदही कमी करू नका."