उणे प्रिंटर

पोशेऱ्याच्या पुढे घाटाच्या एका वळणावर मुलींची निवासी शाळा आहे. तिथले लेखनिक गोकुळभाऊ मूळचे साखरशेतचे. जव्हारला बारावी केली, ठाण्यात चार वर्षं संगणक दुरुस्तीच्या दुकानात काढली, मग परीक्षा देऊन पुन्हा डोंगरात आले. माणूस सज्जन, पण एक खोड होती. तयार वस्तूवर त्यांचा विश्वास म्हणून बसत नसे. मसाल्याचं पाकीट आणलं तर मागची बारीक अक्षरं वाचून होईपर्यंत चुलीवरचं कालवण आटायचं. त्यांची बायको निशा, जामसरच्या शाळेत शिक्षिका, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे नवा शर्ट आणला की हे आधी उसवून बघतात."

शाळेत आठ संगणक होते. ठाण्याच्या कुणा दात्याने जुने झाल्यावर दिलेले, त्यामुळे देणगी आणि अडगळ यांच्या मधोमध कुठेतरी. सुरू केले की मुलींची प्रार्थना संपून हजेरी होईपर्यंत पडद्यावर काही यायचं नाही. शेवटी वरून पत्र आलं: निर्लेखन समितीचे साहेब दोन आठवड्यांनी गुरुवारी येतील, यंत्रं पाहतील, निरुपयोगी असतील तर भंगारात काढतील. नवीन कधी मिळणार याबद्दल पत्र गप्प होतं.

गोकुळभाऊंनी पत्र दोनदा वाचलं आणि मुख्याध्यापिका मंजुषाबाईंना सांगितलं, "बाई, पंधरा दिवस आहेत. मी यांना उभं करतो."

"कशावर?" बाईंनी विचारलं. त्यांना गोकुळभाऊंचा अनुभव होता. ऑफिसचं कपाट दुरुस्त करतो म्हणून त्यांनी उघडलं होतं, ते पावसाळाभर उघडंच होतं.

"लिनक्सवर. विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम. त्यातही जेंटू नावाचा प्रकार आहे."

"अहो, मग तयार मिळतं ना ते? बटण दाबलं की झालं."

"मिळतं, पण नव्या यंत्रांना. आपल्या या म्हाताऱ्यांसाठी तयार माल बांधणं बहुतेकांनी सोडलंय. प्रोग्रामचं मूळ लिखाण मात्र सगळ्यांना खुलं असतं. ते आणायचं आणि इथेच, यांच्या हाडापेराला बेतून बांधायचं."

स्वयंपाकघरातल्या धोंडीबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. "म्हंजे पीठ नाय आणायचं, नाचणी आणायची."

"अगदी तसंच मावशी. आणि दळायचं आपल्या जात्यावर."

जव्हारला एका मित्राच्या इंटरनेटवरून गोकुळभाऊंनी मूळ लिखाणाचे गठ्ठे पेनड्राइव्हवर भरून आणले आणि काम सुरू केलं. पडद्यावर पांढऱ्या ओळी मुंग्यांसारख्या वर वर जाऊ लागल्या. बाई मागे उभं राहून बघायच्या आणि भाऊंना तर सांगायला कुणीतरी हवंच असायचं.

"प्रत्येक प्रोग्रामची एक कृती असते, बाई. मूळ माल कुठे मिळेल, आधी काय काय घरात हवं, बांधायचं कसं, सगळं त्यात. मी फक्त म्हणतो, मला लिहायचा प्रोग्राम हवा. ही सिस्टीम कृती वाचते. त्याला अक्षरं दाखवणारा हवा, अक्षरंवाल्याला आणखी कुणी हवा, असं मागे मागे जात यादी करते आणि तळापासून एकेक बांधत वर येते."

"आणि मध्येच बिघडलं तर?"

"बांधकाम वेगळ्या कोपऱ्यात चालतं. नीट झालं तरच घरात आणते. कुठली फाईल कुठे ठेवली तेही लिहून ठेवते, म्हणजे उद्या नको झालं तर नेमकं तेवढंच उचलता येतं."

"आमच्या भांडाराला लावा हो ही सिस्टीम," बाई म्हणाल्या.

गोकुळभाऊंचा सगळ्यात लाडका भाग मात्र वेगळाच होता. एका फाईलमध्ये आपल्याला काय हवं आणि काय नको ते लिहायचं. नको त्याच्या आधी उण्याची खूण. मग प्रत्येक प्रोग्राम तेवढा भाग वगळूनच बांधला जातो. यंत्रावर ओझं कमी, वेळही कमी. ही फाईल भाऊंनी चाळणी लावल्यासारखी लिहिली. ब्लूटूथ? उणे. कॅमेरा? उणे. प्रिंटर? शाळा निघाल्यापासून शाळेला प्रिंटर नव्हता. उणे.

"जे नाही त्याच्यासाठी कशाला दळायचं?" ते म्हणाले आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवले.

तरी सहा दिवस झाले आणि पडद्यावर मुंग्याच. धोंडीबाई रोज डोकावायच्या. "गोकुळ, तुझं जातं लय बारीक दळतंय रं. भाकर कंदी दिसायची?"

सातव्या दिवशी भाऊंनी भातलावणीचा हिशेब लावला. एका शेतात आठ घरची माणसं उतरतात तशी आठही यंत्रं तारेने जोडली आणि एकाचं बांधकाम सगळ्यांत वाटून दिलं. आता काम झपाट्याने सरकलं. एका यंत्रावर तयार झालेलं बाकी सातांवर नुसतं उतरवून घेतलं, कारण आठही एकाच घाण्यातले होते. बुधवारी दुपारी मुलींनी बटण दाबलं आणि पंचविसाव्या सेकंदाला पडदा उजळला. बाईंनी स्वतः घड्याळ लावलं होतं. त्या दिवशी गोकुळभाऊंना पहिल्यांदाच खुर्चीत बसून चहा मिळाला.

गुरुवारी अकराला देवजीसाहेब आले. गोल, घामेजलेला, वाईट नसलेला माणूस. जीपमधून उतरताना त्यांच्या काखेत एक छोटा प्रिंटर होता.

"हा कशाला, साहेब?" गोकुळभाऊंचा आवाज जरा चिरकला.

"अहो, कुठल्याच शाळेत छापायची सोय नसते. पंचनामा पेनड्राइव्हवर तयारच आहे. ज्या शाळेत जातो तिथल्या संगणकाला हा जोडायचा, छापायचा, सही घ्यायची, पुढे. लॅपटॉप आमच्या साहेबांकडे असतो." साहेब खुर्चीत टेकले. "चालतात म्हणता ना तुमचे? लावा मग."

"तयारच आहे म्हणजे? बघण्याआधीच?" बाईंनी विचारलं.

"सगळीकडे एकच निघतं हो, मॅडम. निरुपयोगी. छापून निघालं नाही तर यंत्र बंदच, प्रश्नच मिटला. तीनला जीप हलणार."

गोकुळभाऊंनी प्रिंटर जोडला. यंत्राने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कसं पाहणार? पाहायचं नाही असं भाऊंनीच लिहून दिलं होतं.

"काय झालं?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"प्रिंटर उणे केलाय, बाई."

"मग अधिक करा!"

भाऊंनी ती खूण पुसली आणि सिस्टीमला विचारलं, आता काय बदलावं लागेल? तिने क्षणभर विचार करून यादी दिली: तीन गठ्ठे नवे, सात पुन्हा बांधायचे. बाकी साडेतीनशे जसेच्या तसे राहू देत. यादी बघून भाऊंच्या जिवात जीव आला आणि लगेच गेलाही. सात गठ्ठे पेनड्राइव्हवर होते. नवे तीन जव्हारहून आणलेच नव्हते.

रेंज यायची ती फक्त मागच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली. "साहेबांना जेवायला बसवा," एवढं म्हणून लेखनिक चप्पल हातात घेऊन टेकाड चढू लागले.

साहेबांपुढे ताट आलं. नाचणीची भाकर, उडदाचं वरण, सुक्या बोंबलाची चटणी.

"तुमचा क्लार्क पळून गेला काय?" साहेबांनी विचारलं.

"प्रिंटर आणाया गेलाय," धोंडीबाई म्हणाल्या.

"प्रिंटर तर इथेच आहे!"

"त्याचा आतला. तू जेव, बाला."

भाऊ धापा टाकत आले, फोन तारेने जोडला, गठ्ठे उतरवले. प्रत्येक गठ्ठ्याचा आकडी ठसा कृतीत लिहिलेला असतो. आलेला माल जुळला नाही तर सिस्टीम त्याला हात लावत नाही. तिसरा गठ्ठा जुळेना. टेकाडावर रेंज मध्येच तुटली होती, अर्धाच उतरला होता.

"चालवून घ्या ना थोडं," बाई म्हणाल्या.

"ती नाही ऐकत, बाई. इथे शिफारस चालत नाही." भाऊ पुन्हा टेकाडाकडे पळाले.

धोंडीबाईंनी साहेबांना चौथी भाकर वाढली. साहेब नको म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "पोशेऱ्याला आलास नि तीनवर उठतोस? मागचा साहेब पाच खाऊन गेला." मागे कुणी साहेब आलाच नव्हता. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दीडला तिन्ही ठसे जुळले. आठही यंत्रं कामाला लागली, मुंग्या पडद्यावर धावू लागल्या. साहेब हात धुऊन येऊन बसले, आधी घड्याळाकडे बघत, मग पडद्याकडे.

"हे काय चाललंय?"

"प्रिंटरला घरात जागा करतायत, साहेब. सातातला चौथा चाललाय."

"हे सगळं आपोआप?"

"मी फक्त एक उणं पुसलं."

पावणेतीनला ओळी थांबल्या. गोकुळभाऊंनी साहेबांचा पेनड्राइव्ह लावला, फाईल उघडली, छापायची आज्ञा दिली. प्रिंटर खाकरला. सगळे वाकून बघू लागले. कागद हळूहळू बाहेर आला, ठळक, स्वच्छ, एकही काना न तुटता.

भाऊंनी तो दोन्ही हातांनी साहेबांना दिला. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि वाचू लागले: सदर आठही संगणकांची प्रत्यक्ष पाहणी केली असता ते पूर्णतः बंद व निरुपयोगी...

त्यांनी वर पाहिलं.

"हा कागद कुठल्या संगणकाने छापला म्हणून लिहू, साहेब?" गोकुळभाऊंनी अत्यंत नम्रपणे विचारलं. "नोंदवहीत लागतं."

मंजुषाबाईंना एकाएकी खोकला आला.

साहेबांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग स्वतःच हसले, पोट हलेपर्यंत. "बसा," ते म्हणाले. "सुधारा तिथे. वापरात आहेत, आठही. आणि तीन प्रती काढा."

तीन प्रती निघाल्या, सह्या झाल्या. जीपवाल्याने हॉर्न दिला. साहेब पेनड्राइव्ह काढायला वाकले, तर गोकुळभाऊंचा हात अजून माउसवरच होता. पडद्यावर आणखी सहा शाळांच्या फाईली दिसत होत्या, सगळ्या तयार.

"साहेब," भाऊ म्हणाले, "या सहांचीही पाहणी झालीय की व्हायचीय?"

"व्हायचीय. सोमवारपासून."

"त्या यंत्रांची जात कुठली आहे, तेवढं कळेल का?"

मंजुषाबाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मात्र खुर्ची पुन्हा ओढली आणि जीपवाल्याला खिडकीतूनच हाताने थांब म्हणून खूण केली.