टिनपुऱ्याच्या आयाबाई

आयाबाईंपुढं ‘अंदाजे’ हा शब्द काढायची सोय नव्हती. दहाबारा माणसं आली होती असं कुणी म्हणालं, की हातातलं काम थांबवून त्या विचारत, “दहा का बारा?” शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं आयाचं काम केलं होतं. वस्ती त्यांना कौतुकानं नर्सबाई म्हणायला तयार होती, पण ते त्यांनीच चालू दिलं नाही. “नर्स शिकलेली असते. मी आया होती. आयाच म्हना.”

आमचा टिनपुरा अमरावती रोडवर, वाडीच्या गोदामांच्या मागं होता. कौल कुणाच्याच घरावर नव्हतं, सगळीकडं टिनाचे पत्रे. माल चढवणारे हमाल, माग बंद पडल्यानं उमरेडहून आलेले विणकर आणि छप्पन साली दीक्षा घेऊन, गावकीची कामं झुगारून आलेली कुटुंबं तिथं राहत. आयाबाई आणि त्यांचे यजमान या शेवटच्यांपैकी. यजमान गेल्यावर एका खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, त्या एकट्याच राहत होत्या.

मी तिथल्या प्राथमिक शाळेत नवा मास्तर होतो. एकाहत्तरच्या जनगणनेत टिनपुरा माझ्या वाट्याला आला. वरचे साहेब म्हणाले होते, तिथं काय, पन्नासेक घरं धरा आणि मोकळे व्हा. मीही चहाच्या टपरीवर बसून कागद भरायला घेतले होते. तेवढ्यात एक उंच, सडपातळ बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

“काय लिहून राहिला गा, मास्तर?”

“घरं.”

“पाह्यली काय तू?”

त्यांनी माझी दौत उचलली आणि चालू लागल्या. मला मागं जावंच लागलं.

चार दिवस त्या माझ्यासोबत फिरल्या. एका दारामागं तीन चुली होत्या. पोत्याच्या पडद्याआड दुसरं कुटुंब होतं. गोदामात पाळीवर गेलेला माणूस घरी नाही म्हणून मी पुढं निघालो, की त्या वाट अडवत. एका विणकराच्या घरी आदल्याच दिवशी मुलगी झाली होती. अजून नाव ठेवलं नाही, असं बाप म्हणाला. माझी लेखणी थांबली.

“नाव नसलं तं नसलं,” आयाबाई म्हणाल्या. “मानूस हाये ना? लिही.”

शेवटी बेरीज झाली तेव्हा साहेबांच्या आकड्याच्या कितीतरी पुढं गेली. निम्म्याहून जास्त तर पोरंच होती आणि म्हातारे बोटांवर मोजण्याइतके. इथं म्हातारे एवढे कमी का, असं मी सहज बोलून गेलो. “म्हातारं व्हाले सावली लागते, मास्तर,” त्या म्हणाल्या.

मे महिन्यात ती विणकराची मुलगी गेली. भर दुपारी, झोळीत. आयाबाई माझ्या दारात आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. “तुया कागदावर ते पोरगी जिती हाये अजून,” एवढंच म्हणाल्या. मृत्यूच्या दाखल्यावर ‘ताप’ असं कारण लिहून आलं होतं. ते मी वाचून दाखवलं, तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “ताप पोरीले नवता. टिनाले होता.”

इस्पितळातून भंगारात निघालेला भिंतीवरचा तापमापक त्यांच्याकडं होता. तो त्यांनी त्याच झोळीच्या दोरीशेजारी टांगला. दुपारी दोनला पारा शेवटच्या रेघेला टेकला. त्याच्या वर रेघाच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी तो पदराखाली घेऊन त्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळ मागायला गेल्या. मीही गेलो, पण दोन पावलं मागं राहून.

तिथले साहेब म्हणाले, वेधशाळेत एवढी गरमी नोंदलेली नाही.

“वेधशाळेत कोनी राहते काय, सायेब?”

नकाशात तिथं वस्तीच नाही, फार तर पंचवीस झोपड्या असतील, नळ कुणासाठी द्यायचा, असं ते म्हणाले. आयाबाईंनी घरागणिक माणसं सांगायला सुरुवात केली. साहेब हसले आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, “हे खरं धरायचं का?” जनगणनेतलं बाहेर बोलायचं नाही, असा नियम होता. घरी आई होती, नोकरी नवी होती. तरी मी म्हणालो, “मी मोजलं आहे, साहेब. खरं आहे.”

साहेबांचं हसू थांबलं. “मंग एकदा येऊन बसा,” आयाबाई म्हणाल्या. “दुपारी दोनले.”

ते आले. आयाबाईंनी त्या विणकराच्या घरी तापमापक पुन्हा टांगला आणि साहेबांना टिनाखाली स्टुलावर बसवलं. थोड्याच वेळात त्यांचा सदरा पाठीला चिकटला. त्यांनी पाणी मागितलं.

“पानी आनाले या घरची सून गेली हाये नाल्यापल्याड. येईल तासाभरात.”

ते उठायला लागले. “बसा ना,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आमी रोज बसतो.” साहेब खाली बसले ते सून परत येईपर्यंत. पाणी प्यायले, पाऱ्याकडं बराच वेळ पाहत राहिले आणि निघून गेले. पुढच्या उन्हाळ्याच्या आत टिनपुऱ्यात दोन नळ आले. आयाबाईंनी चार मागितले होते. उरलेल्या दोनांसाठी त्या कचेरीत जातच राहिल्या, असं मला नंतर कळलं.

कळलं म्हणतो, कारण तेव्हा मी तिथं नव्हतो. कचेरीत तोंड उघडल्याची बातमी वर पोचली आणि जूनमध्येच माझी बदली जिल्ह्याच्या पार टोकाला, जंगलातल्या शाळेवर झाली. एसटी स्टँडवर आयाबाई मला सोडायला आल्या. त्यांच्यापायी हे झालं असं त्यांना वाटू नये, म्हणून मी काहीबाही बोलत होतो. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. तीच आमची शेवटची भेट. तीन वर्षांनी त्या गेल्या, त्याचं पत्रही मला महिनाभर उशिरा मिळालं.

गाडी सुटायला आली तेव्हा त्या खिडकीशी आल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजात अपराधीपणाही नव्हता.

“रडून नको राहू, मास्तर,” त्या म्हणाल्या. “तिकडंबी मानसं राहतेतच ना. पाह्य जाऊन.”