पितळेवरची पिंपळपानं

मी इंग्लंडला निघाले तेव्हा येरवड्यातल्या आमच्या घरासमोर गाडी उभी होती आणि बाबा माझी बॅग तिसऱ्यांदा उघडत होते. कपड्यांच्या मधोमध त्यांनी एक पितळी स्टो ठेवला. प्रवासात न्यायचा, पाय दुमडणारा, डब्याएवढा.

"बाबा, तिकडे रॉकेलवर कोण स्वयंपाक करतं?"

"पेटवू नकोस. कोरा आहे, वास यायचा नाही. नुसता असू दे जवळ."

बाबा भवानी पेठेतल्या एका स्टोच्या कारखान्यात ठसे कोरायचे. टाकीवर उठणारी नक्षी आधी पोलादावर उलटी कोरावी लागते, ते काम त्यांचं. मालक म्हणायचे, "अहो, भाजी शिजायला नक्षी लागत नाही." बाबा मान हलवायचे आणि आणखी एक पिंपळपान कोरायचे. पुढे घरोघरी गॅस आला, कारखाना बंद पडला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. कुणी विचारलं तर सांगायचे, "वडील डिझाइनमध्ये आहेत." आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायचे.

इंग्लंडात माझ्या फ्लॅटच्या खिडकीत तो स्टो नुसताच उभा होता. प्रोजेक्टवरचा पीटर जेवायला आला आणि जेवण सोडून त्याच्याकडेच बघत बसला. तो जुने स्टो जमवायचा. पुढच्या रविवारी तो मला एका कुरणावर घेऊन गेला. तिथे वीसेक म्हातारे आपापले स्टो मांडून बसलेले. कुणाच्या टाकीवर सिंह, कुणाच्या डब्यावर रंगवलेली फुलं. माझा स्टो हातोहात फिरला. एक जण म्हणाला, "सुंदर आहे. पण डिझाइन कुणाचं, ते आता कोण सांगणार?"

"मी सांगते," मी म्हणाले. "माझ्या वडिलांचं. ते स्टोच्या कारखान्यात कारागीर होते."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच पूर्ण बोलले. मग प्रश्नच प्रश्न. डाव्या बाजूची पानं जास्त खोल का, हे मलाही माहीत नव्हतं. तिथूनच पुण्याला फोन लावला आणि इथे सगळे आपापले स्टो कसे घासून लख्ख ठेवतात, तेही सांगितलं.

"पंप मारताना डावा हात टाकीवर असतो," बाबा म्हणाले. "तो घसरू नये म्हणून. आणि त्यांना सांग, इतकं घासू नका. नक्षी झिजवायला नाही कोरली मी."

मी शब्दन् शब्द सांगितला. म्हातारे खूश!

पुढच्या उन्हाळ्यात आईबाबा आले. त्याच कुरणावर पीटरनं बाबांपुढे पोलादाचा तुकडा ठेवला. बाबांनी छिन्नी हातात तोलून पाहिली आणि कामाला लागले. जेवणाच्या वेळेपर्यंत एक पान उमटलं होतं. बाबांनी ते बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "जमतंय की अजून."

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठलं म्हणून मलाही विचारतात. पुण्याहून निघताना मी म्हणते, "घरी पोचले की फोन करते." इथून निघतानाही तेच म्हणते. आई एकदा वैतागली, "अगं, काहीतरी एक ठरव!"

मी काही ठरवलं नाही. दोन्हीकडच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये असतात.