रंगाला वजन असतं

काकांच्या तोंडून मी कधी नुसतं ‘ठीक आहे’ ऐकलं नाही. विमान असो, चहा असो नाहीतर स्वतःची तब्येत, ते म्हणायचे, “आजपुरतं ठीक.” उद्याची हमी त्यांनी कोणालाच दिली नाही. म्हणून अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या आम्हा मराठी मंडळींत त्यांचं नाव पडलं आजपुरते काका. गणपतीच्या जेवणात कोणी वरण कसं झालंय असं विचारलं की चारपाच जण एकदम ओरडायचे, “आजपुरतं!” काकाही त्यात हसायचे. मी तर सगळ्यांत मोठ्याने ओरडायचे. आता तो शब्द कोणी गमतीने उच्चारला तरी मला हसू येत नाही.

काका नाशिकजवळच्या विमान कारखान्यात पत्राकाम शिकले आणि पुढे इकडे येऊन तेच करत निवृत्त झाले. काकू गेल्या, मुलगी अंजली नोकरीसाठी जर्सी सिटीला, आणि घरी बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तेव्हा ते कर्टकडे जायला लागले. कर्ट हा निवृत्त वैमानिक, साठी ओलांडलेला, उंचापुरा, तापट आणि मनाने मोकळा. त्याने आयुष्याची सगळी पुंजी एका महायुद्धातल्या लढाऊ विमानात घातली होती. अशा जुन्या विमानांच्या शर्यती होतात, नेवाड्याच्या वाळवंटात. जमिनीला जवळजवळ चिकटून, खांबांना वळसे घालत, ताशी सातशे किलोमीटरने. काका त्या विमानाला शर्यतीसाठी घडवत होते. हायवेवर गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं, म्हणून दर शनिवारी मी त्यांना तिथे पोचवायचे आणि संध्याकाळपर्यंत थांबायचे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. काका म्हणायचे, “तुझं बरं आहे. तुझं पडलं की परत चालू करता येतं.”

हँगरमध्ये शिरल्यावर ते आधी कोणाशीच बोलायचे नाहीत. नाकापासून शेपटीपर्यंत बोटाच्या पेराने विमान वाजवत जायचे, बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. मध्येच थांबून कान लावायचे. मला सगळे आवाज सारखेच वाटायचे. एकदा पंखाखाली त्यांनी तीनदा वाजवलं, चौथ्यांदा वाजवलं आणि कर्टला म्हणाले, “आज नाही.” उघडल्यावर आत केसाएवढी चीर निघाली. कर्ट त्या दिवशी बराच वेळ हात धूत राहिला होता.

शर्यतीचं विमान करायचं म्हणजे त्यातून काढत जायचं. त्यांनी पंखांची टोकं कापली, वैमानिकाच्या डोक्यावरची काच इतकी बुटकी केली की कर्टला मान वाकवून बसावं लागे. तोफांच्या जागा बुजवल्या, सांधे पुट्टी भरून घासून गुळगुळीत केले. इंजिनातून तर ते बनवणाऱ्यांनी कधी मागितली नसेल इतकी ताकद कर्टला हवी होती. काढलेली प्रत्येक वस्तू काका मागच्या फळीवर ठेवायचे, मग तो जुना बोल्ट का असेना. प्रत्येकीला मराठीत चिठ्ठी: काय आहे, कुठून काढलं, वजन किती. “काढलेलं फेकायचं नसतं,” ते म्हणायचे. “उद्या काही बिनसलं तर कळायला हवं आपण त्याचं काय काय नेलं.” फळी वर्षागणिक भरत गेली. मी तिच्याकडे पाठ करून बसायला लागले. विमानात काय उरलंय याचा विचार नको वाटायचा.

आणि त्यांचं दुसरं वेड रंगाचं. एकदा आमच्यातल्या दोघीतिघी हँगर बघायला आल्या, आणि एकीने हौसेने विमानाच्या नाकाला कुंकू लावायला बोट पुढे केलं. काकांनी तिचं मनगटच धरलं. “अगं, रंगाला वजन असतं,” ते म्हणाले. “माझ्या कपाळाला लाव.” सगळे हसले. मग त्यांनी आम्हाला नीट समजावलं. शेपटीचं उभं, हलणारं पातं, म्हणजे रडर, ते बिजागरीवर तराजूसारखं तोललेलं असतं. त्याच्या मागच्या कडेला रंगाचा एक जादा हात बसला तरी तोल जातो. हळू उडताना काहीच होत नाही. वेग वाढला की पातं थरथरायला लागतं, आणि एकदा थरथर सुरू झाली की वैमानिकाला विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून रंग दिला की पातं उतरवायचं, दोन सुऱ्या धार वर करून बसवलेल्या घोडीवर ठेवायचं आणि तोल बघायचा. ती घोडी त्यांनी स्वतः बनवली होती आणि शर्यतीला जाताना ती गाडीत आधी ठेवली जायची. हे सगळं मी कान देऊन ऐकलं होतं. म्हणूनच पुढचं मला स्वतःला माफ करता येत नाही.

त्या उन्हाळ्यात काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आदल्या शनिवारी त्यांनी विमान नखशिखांत तपासलं, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेतला आणि म्हणाले, “आजपुरतं ठीक.” मग डॉक्टरांनी दोन आठवडे धुळीत जायला मनाई केली. कर्टने मला फोन केला. नेवाड्याच्या मैदानावर ही शेवटची शर्यत होती, आणि काकांसाठी काहीतरी करायचं त्याच्या मनात होतं. तो इंग्रजीतच बोलायचा, मी इथे मराठीत लिहितेय. म्हणाला, “त्याचा तो शब्द आहे ना, तो तुमच्या लिपीत मोठा काढून दे. शेपटीवर रंगवतो. बिलकुल सांगू नकोस, सरप्राइज!” मी दोन रात्री बसून पुठ्ठ्यावर ‘आजपुरतं’ काढलं. वळणदार, जाडजूड, वरची रेघ ठसठशीत. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं, तेवढ्या प्रेमाने काढलं. कर्टने झेंडूच्या रंगात ते शेपटीच्या पात्यावर उतरवलं आणि मला फोटो पाठवला. मी उत्तरादाखल टाळ्या वाजवणारे हात पाठवले.

नेवाड्याला मी आणि काका गाडीने गेलो. कर्ट विमान घेऊन पुढे गेला होता, सावकाश उडत. तो सुखरूप पोचला तो त्या सावकाशीमुळेच, हे आम्हाला कुठे माहीत होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गार वारा होता. शेपटीवर कापड बांधलेलं. कर्टने मोठ्या दिमाखात ते ओढलं.

काकांनी नव्या डोळ्यांनी तो शब्द वाचला. त्यांचे ओठ हलले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विमानांचे पत्रे ठोकलेला माणूस, त्याचं स्वतःचं काहीतरी पहिल्यांदाच विमानावर लिहिलं गेलं होतं. त्यांनी डोळे पुसले. “अक्षर तुझं ना?” मला विचारलं. मी मान हलवली. मग ते पुढे झाले, अक्षरांवरून तळवा फिरवला, आणि त्यांचा हात मध्येच थांबला.

“किती हात दिलेत?”

“तीन,” कर्ट म्हणाला. “वरून वार्निश. मस्त चमकतंय ना?”

“तोललं?”

कर्ट हसला. “कमॉन! चिमूटभर रंग आहे तो.”

मला तेव्हा आठवलं, सगळं एकदम आठवलं.

फेरीला तास उरला होता. पातं उतरवून, तोलून परत चढवायला अर्धा दिवस लागणार. काका म्हणाले, “आज नाही.” कर्टने आधी समजावलं, मग विनवलं, मग आवाज चढवला. आयुष्यातली शेवटची संधी, पाच वर्षांची मेहनत, थोड्याशा रंगासाठी? “मी जपून उडवीन,” तो म्हणाला. काकांनी त्याच्याकडे बघितलं. “शर्यतीत जपून उडवणारा माणूस मी अजून पाहिला नाही,” एवढंच म्हणाले आणि पाना घेऊन शेपटीकडे वळले. तपासणीच्या वहीत त्यांची सही लागायची, आणि ती ते करणार नव्हते. कर्टने हेल्मेट जमिनीवर आपटलं. “म्हाताऱ्या, तुला भीती वाटते, बाकी काही नाही!” असं ओरडून तो निघून गेला.

इतर विमानं उडाली. त्यांचा आवाज छातीत घुमत होता, आणि आम्ही दोघं एका उघड्या तंबूत पातं आडवं ठेवून बसलो होतो. मी म्हटलं, “काका, आधी घोडीवर ठेवून बघा ना. कर्टला दाखवता येईल.”

“त्याला दाखवून काय करायचंय?” ते म्हणाले, आणि जुना पेपर अंथरून अक्षरं खरवडायला लागले.

मी थांबवलं नाही. माझ्याच हाताने काढलेला ‘आ’ गेला, मग ‘ज’. झेंडूच्या रंगाच्या खपल्या पेपरवर पडत होत्या आणि काका त्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने आडोसा धरत होते. मी रडत होते. “अगं, अक्षर फार सुरेख होतं,” ते म्हणाले. “वाचलं ना मी. झालं की.” सगळं साफ झाल्यावरच त्यांनी पातं घोडीवर ठेवलं. ते सरळ राहिलं.

कर्टने त्यांच्याशी परत बोलणं ठेवलं नाही. काकांनीही फोन केला नाही. ते हळूहळू आटत गेले. पुढच्या वसंतात अंजली त्यांना जर्सी सिटीला घेऊन गेली. “बाबा, इनफ इज इनफ, तुम्ही एकटे राहू शकत नाही,” ती म्हणाली. निघताना मी विचारलं, तब्येत कशी आहे? ते म्हणाले, “आजपुरती ठीक.” थंडी यायच्या आत गेले.

अंजलीने त्यांचं इथल्या घरातलं सामान आवरायला मला मदतीला घेतलं. घोडी आणि एक खोकं मी माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवलं. खोक्यात औषधाची एक बाटली होती, गच्च भरलेली, झेंडूच्या खपल्यांनी. चिठ्ठीवर त्यांचं बारीक अक्षर: ‘रडर. रंग. शर्यतीच्या दिवशी काढला.’ वजनाची जागा कोरी होती. त्यांच्या शेकडो चिठ्ठ्यांत तेवढी एकच कोरी. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. बाटली परत खोक्यात ठेवली.

या वर्षी दुसऱ्या एका मैदानावर शर्यती ठरल्या. मागच्या रविवारी कर्ट माझ्या दारात उभा राहिला. नव्या मेकॅनिकला ती घोडी हवी होती. पिकअपमध्ये मागे रडर होतं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं. “मला त्याची आठवण येते,” तो म्हणाला. “पण खरं सांगू? ती शर्यत त्याने उगाच घालवली. मी रोज हाच विचार करतो.”

मी घोडी काढली. “पातं आण आत,” म्हटलं.

आम्ही ते दोन सुऱ्यांवर ठेवलं. सरळ राहिलं. मग मी बाटली पातळ कागदावर रिकामी केली, पुडी बांधली आणि जिथे अक्षरं होती तिथे चिकटपट्टीने लावली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पात्याची मागची कड खाली जायला लागली. सावकाश, अजिबात आवाज न करता, पार शेवटपर्यंत गेली आणि घोडीच्या पायाला टेकली.

कर्टने पुडी काढली. पातं वर आलं. त्याने परत लावली, ते परत खाली गेलं. तिसऱ्यांदा त्याने लावली नाही. गॅरेजच्या फरशीवर तो मटकन बसला, तोंड हातात धरून.

काकांनी त्या दिवशी आधी तोलून का बघितलं नाही, हे मला तेव्हा कळलं. समोर मी बसले होते, आणि अक्षरं माझी होती.

बऱ्याच वेळाने कर्टने ती बाटली मागितली. मी दिली नाही. पेन घेतलं, पुडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली आणि चिठ्ठीवरच्या कोऱ्या जागेत माझ्या त्या बक्षीसवाल्या अक्षरात वजन लिहिलं.