सरूचा डावा हात

मीटरगेजची गाडी बंगळूरला पोहोचली आणि ऐन मे महिन्यात मी पदर अंगाभोवती लपेटून घेतला. जटक्यातून (इथला टांगा) मल्लेश्वरमला जाताना दुतर्फा एवढी झाडं, की मान वर करून पाहता पाहता मांडीवरचा चिवड्याचा डबा उपडा झाला. जटकेवाला पोट धरून हसला.

मी बालवाडीतली शिक्षिका. माझी मैत्रीण कमल इथे डॉक्टर आहे. मुलांच्या हातापायांची चपळाई तपासणारी एक चाचणी ती परदेशात शिकून आली आणि इथल्या मुलांसाठी बदलत होती. तीच मला शिकायची होती.

"मूळ चाचणीत बुटाची नाडी बांधायची असते," ती म्हणाली. "इथली निम्मी पोरं अनवाणी! मी नुसती दोरी देते."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुभद्राक्का आपल्या सहा वर्षांच्या लेकीला, सरूला घेऊन आल्या. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, कापडाचं दुकान. सरू परक्यांपुढे तोंड उघडत नाही म्हणून शाळेने तिला मंद ठरवलं होतं. या चाचणीत बोलावं लागत नव्हतं. कमलने निर्वाळा दिला नाही, तर सरूची रवानगी मतिमंदांच्या वर्गात होणार होती.

सरू दोरीच्या गाठी भराभर मारून मोकळी झाली. मग कमलने तळहातावर डबी धरली. चटईवरचे मणी एकेक उचलून तिच्यात टाकायचे. उजव्या हाताने सरूने पटापट टाकले. "आता डाव्या हाताने." सरूने डावा हात मांडीखाली दडपला. पुन्हा सांगितलं, तर डोळ्यांत पाणी. कमलने शून्य मांडलं.

"हातात दोष असावा."

"दोष कसला ओ, डॉक्टरबाई? परक्यात स्वल्प बोलती, पन घरी दोनी हातांनी करती की सगळं!" सुभद्राक्कांनी सरूला जवळ ओढलं.

संध्याकाळी बाजारात मी मोगरा घेतला. उजव्या हातात पिशवी, म्हणून डावा पुढे केला. फुलवालीने गजरा मागे घेतला. "एडगै ब्याडा, अक्का!" (डावा हात नको.)

मी जागीच थबकले. डाव्या हाताने देऊ-घेऊ नये हे मला काय नवीन? माझ्या आईने त्यापायी चापट्या मारल्या होत्या. पण परदेशी चाचणीपुढे आम्हा दोघींची अक्कल गहाण पडली होती! डबी कमलच्या हातात होती; सरूच्या लेखी ते मोठ्या माणसाला डाव्या हाताने देणं होतं.

सकाळी माझं ऐकून कमलने डबी बाजूला ठेवली आणि अळगुळीमणे (खळग्यांचा लाकडी खेळपाट) जमिनीवर मांडला. मण्यांऐवजी चिंचोके. "मला द्यायचे नाहीत, सरू. नुसते खळगे भर. डाव्या हाताने."

सरूने आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली. आणि तो हात निघाला! चिंचोका उचलला कधी, पडला कधी, कळेना. नुसता टपटप आवाज. माझ्या अंगावर काटा आला. एवढीशी बोटं, आणि काय त्यांची जादू! कमलने शून्य खोडलं. सुभद्राक्का भिंतीला टेकून रडत होत्या.

"सरी (बरं तर), आता कॉफी घेऊनच जायचं," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

मी परतताना सुभद्राक्का आणि सरू स्टेशनवर आल्या. सरू आता नेहमीच्या वर्गात बसणार होती. गाडी हलायच्या बेतात होती. सरूने आईच्या मुठीतून उजवा हात सोडवून घेतला, त्याच हाताने चिंचोक्यांची पुरचुंडी मला दिली आणि तो पुन्हा आईच्या हातात ठेवला.

पुण्यात माझ्या वर्गात कितीजणांना मी आजवर उगाच मठ्ठ म्हटलं असेल, हे मनात आलं. खिडकीतून मागे पाहिलं. फलाटावर सरूचा डावा हात हलत होता, गाडी वळेपर्यंत.